बेब वकिलांचं नाव

ट्यूडर बेब वकील मुळातच भित्रे. न्यायाधीशाने नुसतं खाकरलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा. तरी आमच्या वेल्सच्या डोंगरातली माणसं त्यांच्याकडेच जायची, कारण कोर्टातलं इंग्रजी ते आम्हाला वेल्शमध्ये समजावून सांगायचे.

त्या वर्षी चॅपलच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या मंडळींनी गळ घालून त्यांना पार्लमेंटच्या निवडणुकीला उभं केलं, थेट जमीनदाराच्या मुलाविरुद्ध. तेव्हा मत चारचौघांत मोठ्याने सांगावं लागे, आणि आमची शेतं तर जमीनदाराचीच, आम्ही नुसती कुळं. त्याचा कारभारी घोड्यावरून दारोदार फिरला. गोठा बघितला, गवताच्या गंजी बघितल्या आणि गेला. विरुद्ध मत दिलं तर शेत जाणार, हे आईने ओळखलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी बेब आमच्या घरी आले. माझ्या वडिलांना म्हणाले, "इसाऊ, उद्या माझं नाव घेऊ नका."

"मग उभे कशाला राहिलात, वकीलसाहेब?"

"तेव्हा एवढं सुचलं नाही हो. आता तुमची पोरं दिसली की भीती वाटते."

"मलाही वाटते," वडील म्हणाले. "बसा, ताक घ्या."

दुसऱ्या दिवशी चौकातल्या फळ्यांच्या मंचावर वडील चढले. कारभारी समोरच होता. वडिलांच्या तोंडून आवाज फुटेना.

"काय रे, जीभ घरी विसरलास?" कारभारी म्हणाला.

"ट्यूडर बेब!" वडील ओरडले. आवाज पार चिरकला होता. खाली उभ्या बेबनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बेब निवडून आले, आणि आम्हाला जमीनदाराकडून शेत सोडायचा हुकूम आला. ते आमच्यासाठी कोर्टात लढले, पण हरले. घर रिकामं करायला माणसं आली तेव्हा आई बाळंतीण होती. बेब दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हातांनी चौकट धरली.

"सरका, साहेब. उगाच मार खाल."

"मारा. पण ती चालू लागेपर्यंत मी हलणार नाही."

ती माणसं शिव्या देत परत गेली. आई चालू लागल्यावर आम्ही बेब यांच्या कचेरीवरच्या खोल्यांत राहायला गेलो. पुढे लंडनला पार्लमेंटच्या भर सभेत त्यांनी आमची हकिगत सांगितली. त्याआधी बाहेर जाऊन ओकले, असं त्यांनीच वडिलांना सांगितलं.

काही वर्षांनी गुप्त मतदानाचा कायदा झाला. शेत मात्र परत मिळालं नाही. त्या शेताच्या वाटेने जायची वेळ आली की आई अजूनही माझा हात घट्ट धरते.