भीतीचे पैसे

बूथवाल्या ताईंनी पहिल्याच भेटीत मला परत पाठवलं होतं. नोकरीसाठी चिपळूणहून कळव्याला मावशीकडे राहायला येऊन मला दोनच दिवस झाले होते, आणि आईचा आवाज ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं. स्टेशनवरून खारेगाव फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एसटीडी बूथची पिवळी पाटी दिसली, मी आत शिरले. ताईंनी नंबर आणि कुणाशी बोलायचंय ते विचारलं, मग माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "घाईचं आहे का?"

"नाही, सहज."

"मग जेवून ये. आत्ता पूर्ण दर पडेल. रात्री उशिरा अर्ध्या दरात काम होतं. आईशीच बोलायचंय ना? दुप्पट बोल."

गिऱ्हाइकाला आल्या पावली परत पाठवणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. त्यांचं कमिशन फोनच्या बिलावर होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्या मला परत पाठवत होत्या ते स्वतःच्या खिशाला चाट लावून.

त्यांचं नाव मालती, पण सगळा रस्ता त्यांना बूथवाल्या ताई म्हणायचा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय अधू होता. काखेत कुबडी घेऊन चालत. वय असेल तेव्हा पस्तिशीचं. साडी नेहमी कडक इस्त्रीची, केसात अबोलीचा गजरा, आणि आवाज असा की काचेच्या केबिनमध्ये बोलणाऱ्यालाही बाहेरून ऐकू जावा. अपंगांसाठीच्या सवलतीत बूथ त्यांच्या नावावर मंजूर झाला होता. गाळा त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा.

खर्च आधी सांगायचा, हा ताईंचा नेमच होता. फोन करणारा माणूस आत शिरला की त्या म्हणायच्या, "सांगलीला लावताय? मीटरकडे बघत बोला. तो लाल आकडा पळतो तुमच्याच खिशातून." लोक हसायचे, पण बघत बोलायचे. बिल हातात देताना त्या ते वाचूनही दाखवत. कोणी म्हणालं, "राहू द्या हो ताई, विश्वास आहे," की त्यांना राग यायचा. "विश्वास देवावर ठेवा. बिल वाचायचं असतं."

अशा बाईवर एक दिवस न वाचताच बिल मानायची वेळ आली.

दुपारची गोष्ट. बिल्डरकडे पैसे अडकलेला एक माणूस फोनवर तावातावाने भांडत होता. शेवटी त्याने रिसीव्हर असा आपटला की तो हुकवरून सुटून खाली लोंबला, आणि त्याच्या वजनाने अख्खा फोन टेबलावरून फरशीवर पडला. माणूस बिल ठेवून निघून गेला. ताईंनी फोन उचलून कानाला लावला. टोन नाही, खरखर नाही, काही नाही.

संध्याकाळी ऑफिसातून परतताना मी डोकावले, तर दारावर 'बंद आहे' असा पुठ्ठा आणि आत ताई फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. शहाडहून येणारा प्रकाश नावाचा दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने मागचे स्क्रू काढले, आत नजर टाकली, स्क्रू परत लावले आणि सांगितलं, "सर्किट जळलंय ताई. नवीन सेट घ्या. अडीच हजार."

अडीच हजार तेव्हा थोडेथोडके नव्हते. पण ताईंची काळजी वेगळीच होती.

"दादाला आयतं कारण मिळालं गं," त्या म्हणाल्या. "कधीचा मागे लागलाय, तुला झेपत नाही, बूथ चालवायला दे, महिन्याला ठरावीक रक्कम येईल, तू घरी आराम कर. माणूसही बघून ठेवलाय. दुपारी त्याला फोनचं कळलं, तर म्हणतो, उद्या दहाला त्यालाच घेऊन येतो, एवढा खर्च कुठून करणार तू? घरी बसून मी काय करू? वहिनीचे गहू निवडू?"

मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे थोडे साठलेत…"

"पैशाचं नाही गं." त्यांनी फोनवरून हात फिरवला. "अडीच हजार कशाचे, तेच मला कळलेलं नाही. फोन बिघडला म्हणजे त्यातलं काय बिघडलं? त्याने सांगितलं, मी ऐकलं. यातलं कळत नाही म्हणून घाबरले, आणि घाबरले म्हणून गप्प बसले." मग एकदम कुबडी ओढून उठल्या. "रोज जगाला सांगते, बिल वाचा म्हणून. प्रकाशला निरोप धाड. उद्या आठला ये म्हणावं, आणि पेटी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं. प्रकाश आठला हजर होता. पंचविशीचा, अंगाने काटक, बोलायला गोड. नवा सेट खपणार, या खुशीतच आला होता. ताईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "आता खोल. आणि मला दाखव."

त्याने फोन उघडला. आत हिरवी पट्टी, तिच्यावर रंगीत मण्यांसारखे सुटे भाग.

"सर्किट कुठलं? बोट ठेव."

त्याने बोट ठेवलं.

"जळलं म्हणतोस, मग काळं कसं नाही झालं?"

"ताई, ते आतून जळतं."

"मग तुला बाहेरून कसं कळलं?"

शेजारचे मेडिकलवाले शेट्ये दुकान उघडता उघडता थांबले होते. ते फिसकन हसले. प्रकाशही हसला, पण थोडा लाजून. म्हणाला, "अंदाज असतो ना ताई. पडलेला फोन म्हणजे बहुतेक…"

"बहुतेकचे अडीच हजार? बघ बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू मला कळेल असं सांग. आवाज येतो कुठून? बाहेरच्या तारेतून या डब्यात, डब्यातून या पिळाच्या वायरने रिसीव्हरमध्ये. बरोबर? मग बिघाड तारेत आहे, डब्यात आहे, वायरमध्ये आहे की रिसीव्हरमध्ये, हे तू बघितलंस का?"

प्रकाशने मान खाली घातली. "नाही बघितलं."

"मग आता बघ. मला घाई नाही." खरं तर घाई होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजून गेले होते.

मग प्रकाशनेच विचारलं, "असाच फोन आणखी कुणाकडे आहे?" शेट्यांकडे होता. ते म्हणाले, "घ्या की," आणि मी पळत जाऊन त्यांचा रिसीव्हर पिळाच्या वायरीसकट काढून आणला. प्रकाशने तो ताईंच्या फोनला जोडला आणि त्यांच्यापुढे धरला. ताईंनी आधी पदराने हात पुसले. मग रिसीव्हर कानाला लावला.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग सगळा चेहरा उजळला.

"टोन आहे!" त्या ओरडल्या. "अहो शेट्ये, टोन आहे! माझं सर्किट ठणठणीत आहे!"

शेट्यांनी टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरची दोन माणसं काय झालं बघायला थांबली. प्रकाश मात्र कामाला लागला होता. पिळाची वायर हिसक्याने आतल्या आत तुटली होती आणि रिसीव्हरमधली बोलायच्या बाजूची चकती तडकली होती. दोन्ही वस्तू त्याच्या पेटीतच होत्या. त्याने ताईंना एकेक भाग दाखवला, त्याची किंमत सांगितली, जुना काढून त्यांच्या हातात ठेवला, नवा बसवला. मेहनतीचे धरून एकशे ऐंशी रुपये झाले.

"आमच्या दुकानाचा शेठ नवीन सेट खपवायला सांगतो," तो हळूच म्हणाला. "तपासत बसलेलं त्याला चालत नाही."

ताईंनी पूर्ण एकशे ऐंशी मोजले. तो वीस रुपये सोडायला निघाला, तर त्या त्याच्यावर डाफरल्या. "तू बसून काम केलंस, ते मी डोळ्यांनी बघितलं. मेहनतीचे पैसे घेच. भीतीचे मागू नकोस, ते मी देणार नाही."

दहाला दादा आले. सोबत सफारी घातलेला, हातात चामडी पाकीट धरलेला तो माणूस. बाहेर पुठ्ठा नव्हता. आत केबिनमध्ये एक बाई सोलापूरला मोठमोठ्याने बोलत होत्या, बाकावर आणखी दोघे बसले होते.

"मालू, जरा बोलायचं होतं," दादा म्हणाले.

"दादा, थोडं थांब. गिऱ्हाईक आहे."

दादा थांबले. दुसरं काय करणार? केबिनमधल्या बाई बाहेर आल्या, ताईंनी बिल वाचून दाखवलं, सुटे परत दिले आणि पुढच्याला आत पाठवलं. दादांनी फोनकडे बघून विचारलं, "नवीन मशीन घेतलंस?"

"नाही. वायर घेतली."

सफारीवाल्याने घड्याळ बघितलं, मग दादांकडे बघितलं. दादा त्याला घेऊन पायरी उतरले. जाताना मागे वळून ते एवढंच म्हणाले, "जेवायला वेळेवर ये." बूथ चालवायला देण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

ही हकीकत शेट्यांनी औषधाच्या पुड्यांबरोबर घरोघर पोचवली. मग लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन ताईंकडे येऊ लागले. दुरुस्त करायला नाही, विचारायला. "ताई, रेडिओवाला चारशे सांगतोय, काय विचारू त्याला?" ताई सांगायच्या, "काय बिघडलं ते बोट ठेवून दाखव म्हणावं. जुना भाग परत मागा. आणि नव्याची किंमत आधी विचारून जा." वर्षभरात प्रकाशने शेठची नोकरी सोडली आणि बूथच्या कोपऱ्यात आपलं टेबल टाकलं. बोलायचं ताईंनी, स्क्रू फिरवायचे त्याने. बाहेर पाटी लागली: 'आधी बघू. मग सांगू. पटलं तर करू.'

एकदा एक आजोबा त्यांच्या मुलाने मस्कतहून आणलेला बिनवायरचा फोन घेऊन आले. प्रकाशने तपासला. सुटे भाग इथे मिळत नव्हते, मागवायचे तर खर्च नव्या फोनपेक्षा जास्त. ताईंनी स्पष्ट सांगितलं, "आजोबा, हा करू नका. नवा स्वस्त पडेल." आजोबा म्हणाले, "करा." ताईंनी पुन्हा सांगितलं, कागदावर मांडून दाखवलं. आजोबा म्हणाले, "पोरी, मला हिशोब कळला. मुलगा चार वर्षांत आला नाही, तुला ते कळलं का?" ताईंनी हिशोबाचा कागद बाजूला सारला. फोन दुरुस्त झाला. आजोबा गेल्यावर मला म्हणाल्या, "खर्च समजावणं आपलं काम. तो करायचा की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं. आज शिकले."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी खिशातले फोन आले. पैसेवाल्यांचे ते जाडजूड मोबाइल चहाच्या कपात पडायचे, पावसात भिजायचे, आणि माणसं पोर आजारी पडल्यासारखे चेहरे घेऊन यायची. ताईंनी प्रकाशला मोबाइलची दुरुस्ती शिकायला मुंबईला धाडलं, शेजारचा गाळा स्वतःच्या नावावर घेतला आणि कागदपत्रांवर सही करताना प्रत्येक पान वाचलं. वकील तासभर ताटकळला. त्याच सुमारास डोंबिवलीलाही त्यांचं एक दुकान निघालं. उद्घाटनाचा नारळ फोडायला त्यांनी दादांना बोलावलं. दादा अंगात नवा सदरा घालून, नारळ दोन्ही हातांनी धरून उभे होते. कुणीतरी त्यांना विचारलं, "आपण कोण?" तर ताठ होऊन म्हणाले, "मालतीबाईंचा भाऊ."

माझी बदली नागपूरला झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेले. दुकानात गर्दी होती. ताईंनी प्रकाशला काहीतरी सांगितलं, कुबडी घेतली आणि पायरी उतरून माझ्याबरोबर निघाल्या. "स्टेशनपर्यंत येते. एवढी कसली घाई आहे तुला?"

मी म्हटलं, "ताई, माझी लोकल आहे."

"असू दे. तिचं काम येणं-जाणं आहे."

त्या दहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला पाऊण तास लागला. फुलवालीने थांबवून गजरा दिला. रिक्षावाल्याने "ताई, सोडतो" म्हणून गाडी पुढे घातली, त्याला त्यांनी हाकललं. बँकेतले साहेब, भाजीवाला, शाळेतून सुटलेल्या बाई, प्रत्येकाला ताईंशी काही ना काही बोलायचं होतं, आणि ताई प्रत्येकापाशी थांबून माझी ओळख करून देत होत्या, "ही आमची नागपूरला चाललीय, मोठी साहेबीण होऊन." जिन्यापाशी पोचलो तोवर माझी गाडी निघून गेली होती. पुढच्या लोकलला वेळ होता. आम्ही दोघी बाकावर बसलो, आणि त्यांनी आपल्या केसातला नवा गजरा काढून माझ्या वेणीत माळला.

"आता सावकाश बोल," त्या म्हणाल्या. "इथे मीटर नाही."