सर्जेरावनं मान्य केलेला गोल

सर्जेराव फोनवर "गोल चोख होता" असं म्हणाला, तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं. खटकलंही, पण आनंदाच्या भरात मी ते बाजूला सारलं. आमच्या कॉलेजनं कित्येक वर्षांनी त्यांच्या कॉलेजला फायनलमध्ये हरवलं होतं, एका गोलनं, आणि मी दुबईत, इंटरनॅशनल सिटीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर यूट्यूब लावून एकटाच नाचून घेतलं होतं. दरवर्षी या मॅचला तो माझ्याकडे यायचा किंवा मी त्याच्याकडे अल कुसैसला जायचो. यंदा मात्र अल ऐनला एका शाळेचं काम निघालंय, विकेंडलाही सुट्टी नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला तो खोल गेलेल्या आवाजात. हरल्यावर माणसाचा आवाज बसतोच, असं मी मनाशी म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मुलीचा, इराचा फोन आला... "काका, बाबा गेले." सर्जेराव अल ऐनला नव्हताच. तो दुबईतच हॉस्पिटलमध्ये होता. सकाळी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यातून तो जागा झाला नाही. जेबेल अलीच्या स्मशानात त्याला निरोप देऊन आता काही आठवडे झाले आहेत, आणि मी अजून त्या फोनवरच अडकून आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना हे जरा अतीच वाटेल. पण उरलेला महाराष्ट्र क्रिकेटमागे धावत असताना आमच्या गावानं फुटबॉल घट्ट धरून ठेवला. पेठांचे, तालमींचे संघ, त्यांच्या मॅचला दुकानाचं शटर अर्धं ओढून येणारी माणसं, हे तिथं रोजचं. त्यातच आमच्या दोन कॉलेजांची खुन्नस. सर्जेरावचं तळ्याकडचं कॉलेज, माझं टेकडीवरचं. आम्ही दोघंही खेळणाऱ्यांतले नव्हे, ओरडणाऱ्यांतले. त्याचं पोट कॉलेजातल्या फोटोतही बेल्टच्या बाहेर आहे, आणि मी शाळेत गोलकीपर होतो तो एवढ्याचसाठी की तिथं पळावं लागत नाही. तीन वर्षं आम्ही एकाच स्टेडियमच्या दोन टोकांना बसून एकमेकांच्या कॉलेजचा उद्धार केला असणार, पण ओळख झाली ती इथं, अल कुसैसमधल्या एका खोलीत, जिथं सहा जण राहायचो. त्याची कॉट खाली, माझी वर. पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, कॉलेज कुठलं? मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या उशीवर पाय देऊन वर चढलोय. पुढं खूप दिवस मी तसाच चढायचो, मुद्दाम.

त्या वर्षीची फायनल त्यांनी जिंकली. तेव्हा मॅच इथं बसून बघायची सोय नव्हती, गावाकडून कुणाचा तरी फोन यायचा आणि तेवढ्यावर भागवायचं. सर्जेराव मिठाईचा बॉक्स घेऊन आला, खोलीभर वाटली, आणि माझ्यासमोर उभा राहून मी न पाहिलेल्या मॅचचं वर्णन त्यानंही न पाहता करायला लागला. माझं डोकं फिरलं. नुकताच आलो होतो, काम नवं, गरमी नवी, घरची आठवण यायची, आणि हा माणूस माझ्या तोंडासमोर पेढा नाचवतोय. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत, एकाच कॉटच्या वरखाली आम्ही कितीतरी आठवडे मुके होतो. शेवटी तोच एकदा खालून म्हणाला, "दिन्या, इथून पुढं हरणारा आधी बोलणार. त्याचं पोटभर बोलून होईस्तोवर जिंकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मग जिंकणाऱ्याची पाळी. कबूल?" मी वरून कबूल म्हणालो, आणि लगेच बोलायला सुरुवात केली.

हा नियम आम्ही वर्षानुवर्षं पाळला. खोली सुटली, दोघांची लग्नं झाली, त्यानं इंडस्ट्रियल एरियात एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचं छोटं वर्कशॉप टाकलं, मी काचेची कामं करणाऱ्या एका कंपनीत इस्टिमेटर झालो. त्यांचं कॉलेज बहुतेक वेळा जिंकत राहिलं, त्यामुळं दरवर्षी आधी बोलायची पाळी माझी. आणि सर्जेराव ऐकायचा. मध्ये घुसायचा नाही, मोबाइलकडे बघायचा नाही, हसू आलं तर चहाच्या कपात लपवायचा. मी रेफ्रीला शिव्या द्यायचो, कोचला द्यायचो, मैदानाला द्यायचो. एका वर्षी माझी नोकरी गेली होती आणि घरी अजून सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मी मॅचवरून सुरू झालो आणि बोलता बोलता नोकरीवर कधी आलो ते मलाच कळलं नाही. तो गप्प ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याची पाळी होती, जिंकलेल्याची, पण तो एवढंच म्हणाला की तुमचा सेंटर हाफ बरा खेळला. पुढच्या आठवड्यात त्यानं ओळखीच्या दोन ठिकाणी माझं नाव पोचवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

त्याच्या पाळीबद्दल मात्र चांगलं बोलायला नको. जिंकला की हा माणूस असह्य व्हायचा. वर्कशॉपमध्ये पत्रा टेबलावर पसरलेला असायचा. त्यावर मार्करनं मैदान काढायचं, अकरा फुल्या, अकरा गोळे, आणि प्रत्येक पास कुठून कुठं गेला त्याचे बाण. एकदा त्याचा केरळचा फोरमन येऊन म्हणाला, "सर, ये पत्रा तो काटना है, आज डिलिव्हरी है." सर्जेराव अरबी झोकात म्हणाला, यल्ला, चलो, काटो. तो डक्ट तसाच, आतल्या बाजूला आमच्या पराभवाचा नकाशा घेऊन, कुठल्यातरी ऑफिसच्या छतात बसला आहे. आणि हरला तर? हरला तर तो काहीच मान्य करायचा नाही. गोल तर सोडाच, साधा थ्रो-इनसुद्धा त्यांच्याविरुद्ध गेला की तो अन्यायच असायचा. फार पूर्वी आम्ही एकदा जिंकलो होतो, त्या मॅचमधला एक कॉर्नर खरं तर गोलकिक होता, हे तो परवापरवापर्यंत मला पटवून देत होता. त्याच्याशी वाद घालताना चिडचिड व्हायची, घसा दुखायचा, बायका आतून ओरडायच्या, आणि घरी परतताना शारजा रोडच्या ट्रॅफिकमध्ये मी एकटाच हसत असायचो.

आणि असा माणूस त्या संध्याकाळी फोनवर म्हणाला, गोल चोख होता. बोलणं नेहमीच्या पद्धतीनं सुरू झालं होतं. हरणारा आधी, म्हणून मी गप्प. तो थांबत थांबत बोलत होता. पहिला हाफ त्यांचा होता म्हणाला, त्यात तथ्य होतं. मग गोलवर आला आणि त्यानं त्यांच्याच लेफ्ट बॅकला, तीन नंबरच्या पोराला धारेवर धरलं... झोपला होता, जागा सोडून पुढं पळाला होता, वगैरे. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी नियम मोडला. म्हटलं, सर्जा, तीन नंबरला तर हाफटाइमलाच बाहेर काढला होता, गोलच्या वेळी तो बाकावर पाणी पीत होता, मॅच बघितलीस का लेका? मग म्हणाला, "बरं. माझं चुकलं असेल. गोल चोख होता, दिन्या. तुम्ही जिंकलात." मी हसलो. म्हटलं, तब्येत बरी आहे ना? तोही हसला थोडंसं. "दमलोय आज. तुझी पाळी उद्या. उद्या निवांत ऐकतो." इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती, मी रात्रीतून मुद्देही जुळवले होते. तो उद्या काही आला नाही, आणि हा जिंकलेला सामना मी कुणाला सांगू हे मला कळेना. ऑफिसमध्ये कुणाला सांगून काय उपयोग? गावाकडचे मित्र फोनवर "भारी झालं" म्हणाले आणि मोकळे झाले. कुणी वादच घातला नाही. मला ती मॅच पुन्हा बघवेना.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. वहिनी इथंच राहणार आहेत, इराचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे आणि वर्कशॉप फोरमन बघतोय. वहिनींनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि स्वतःहून सांगितलं. ऑपरेशनचं मला कळू द्यायचं नाही हे त्याचंच म्हणणं. दिन्या येऊन रडत बसेल, मॅचच्या दिवशी मला ते नको, म्हणाला होता. आणि सकाळी आत नेताना, म्हणाल्या, "भावजी, 'दिन्याचं बोलायचं राहिलंय, संध्याकाळी फोन लावून द्यायला विसरू नको', असं बजावून गेले." एवढं सांगून त्या चहा टाकायला उठून गेल्या.

आई आत जायचीच इरा वाट बघत असावी. ही पोरगी लहानपणापासून आमच्या वादांना कंटाळून कानात हेडफोन घालून बसणारी, फुटबॉलशी तिचा काडीचा संबंध नाही. तिनं सांगितलं की डॉक्टरांनी बाबांना मॅच बघायला साफ मनाई केली होती, उत्तेजना नको म्हणून. मग बाबांनी तोड काढली. तू बघ आणि मला सांग, हळू आवाजात, बातम्या सांगतात तसं. ती पलंगाशेजारी मोबाइल घेऊन बसली आणि जसं दिसेल तसं सांगत राहिली. पिवळ्या शर्टानं निळ्याला धक्का दिला, निळा पडला, आता सगळे भांडतायत. हाफटाइमला तिला कुठल्याशा कागदांवर सह्या करायला बाहेर बोलावलं, ती परत आली तेव्हा खेळ सुरू झाला होता. तीन नंबर बदललाय हे तिला कळलंच नाही. माझ्या मित्रानं आयुष्यातली शेवटची मॅच ही अशी पाहिली, डोळे मिटून, मुलीच्या इंग्रजीतून. आणि तेवढ्या भांडवलावर तो माझ्यासमोर हरणाऱ्याची पाळी बोलला.

"काका, एक विचारायचंय," इरा म्हणाली. "गोल झाला तेव्हा बाबांनी मला विचारलं, ऑफसाइड होता का? आय डिडन्ट इव्हन नो व्हॉट दॅट मीन्स. मी नो म्हटलं. म्हणून त्यांनी मान्य केलं." तिनं टीव्ही लावला. तिनं ती मॅच नंतर पुन्हा पुन्हा पाहिली होती, ऑफसाइड म्हणजे काय ते शोधून वाचलं होतं. आमच्या पोरानं उजवीकडून पास सोडला त्या क्षणी तिनं चित्र थांबवलं. मी चष्मा लावून पुढं वाकलो. आमचा स्ट्रायकर त्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्या चांगला एक पाऊल पुढं उभा होता. इतका उघड ऑफसाइड की आंधळ्यालाही दिसावा. त्या दिवशी मी नाचायच्या नादात तिकडे पाहिलंच नव्हतं. सर्जेरावनं एका नजरेत पकडलं असतं, आणि पुढची दहा वर्षं माझं जगणं हराम केलं असतं. "होता ना?" इरानं विचारलं. तिचे डोळे भरले होते. "बिकॉज ऑफ मी, त्यांना वाटलं की ते हरले."

हो म्हणालो असतो तर पोरीनं ते ओझं जन्मभर वाहिलं असतं. मी म्हणालो, "नव्हता." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. काका, बघा तरी, म्हणाली. मी म्हटलं, कॅमेरा तिरका आहे, तिरक्या कॅमेऱ्यात माणूस पुढं दिसतोच. शिवाय लाइन्समननं झेंडा वर केला नाही, विषय खलास. इथवर मी तिच्या समाधानासाठी बोलत होतो. पण तिच्या कपाळावर आठी चढली, ती थेट सर्जेरावची आठी होती, आणि मला चेव आला. म्हटलं, तुमचा डिफेंडरच मागं राहिला, पोरं जिममध्ये जातात, मैदानात पळत नाहीत, तळ्याकडचं कॉलेज हे पहिल्यापासून असंच. "तुम्ही टेकडीवाले आहात म्हणून बोलताय हे," इरा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "धिस इज चीटिंग, काका. माझे बाबा हरले नव्हते." मी म्हणालो, हरले होते, स्कोअर बघ. वहिनी चहाचे कप घेऊन दारात येऊन उभ्या होत्या आणि आत यायचं विसरल्या होत्या. इतक्या आठवड्यांत मला पहिल्यांदा बरं वाटत होतं. मी मान्य केलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. सोफ्याचा डावा कोपरा सर्जेरावच्या बसण्यानं खचलेला आहे, त्या दिवसापासून तिथं कुणी बसत नव्हतं. इरानं डोळे कोरडे केले, रिमोट उचलला, आणि तरातरा येऊन माझ्या शेजारी त्या कोपऱ्यात बसली. मॅच मागे नेत म्हणाली, "आता नीट बघा."