मानेवरची काळी रेघ

माझ्या मानेवर एक काळी रेघ होती आणि ती मळाची आहे, यावर आमच्या घरात एकमत होतं. बायको दर रविवारी बेसन-लिंबू लावून मान अशी घासायची, की शेजाऱ्यांना वाटावं इथं कढई घासणं चाललंय. कातडं लाल व्हायचं, रेघ काही हटायची नाही. वर "अंघोळ तरी नीट करत जा" हे ऐकून घ्यायचं.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा कोट-पँट शिवायला शहागंजातल्या आमच्या टेलर मास्टरांकडे गेलो. वीस वर्षं माझे कपडे तेच शिवतात. गळ्याचं माप घेता घेता त्यांचा हात थांबला.

"भाऊ, मान लई घासता का हो?"

"मळ निघतच नाही, मास्टर."

"ये मळ नाय. माझ्या बी मानेवर असंच व्हतं. मी बी दोन साल साबणच घासला. पहिले शुगर तपासा. तुमच्या वालिदांना व्हती ना?"

होती. माझ्या लग्नात पाचोडच्या मांडवात वडील खुर्चीवर बसून होते. शुगरनं त्यांचा पाय नेला होता. वरातीत सगळे नाचले, ते नुसत्या टाळ्या वाजवत राहिले. लेक झाली त्याच दिवशी मी ठरवलं होतं, हिच्या लग्नात आपण नाचायचं.

मास्टरांच्या टेपवर कंबर चाळीस भरली. त्यांनी वही मिटली. "रिपोर्ट दाखवा, मग कापड कापतो."

असला हट्टी माणूस! मी तणतणत घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त देऊन आलो. शुगर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून डायबेटिस झालेला नाही. मागं फिरता येईल, पण त्यासाठी चालावं लागेल." बायकोनं आधी डोळे पुसले, मग माझ्या मानेकडं बघून तिला हसू आवरेना.

रिपोर्ट वाचून मास्टरांनी पँट कापली ती सदतीस कमरेची. "बटण लागलं नाय तर लुंगीवर या शादीला!"

मग चार महिने रोज आमखास मैदानाला फेऱ्या. बिनसाखरेचा चहा. गुलमंडीवरून जाताना इमरतीच्या कढईकडं पाठ. तोंड खूप वाकडं केलं मी, पण चाललो.

लग्नाच्या आठवडाभर आधी नवा रिपोर्ट चांगला आला. तो खिशात घालूनच दुकानात गेलो. पँट चढवली, बटण लागलं, तेही श्वास न रोखता! मी तिथल्या तिथं उडीच मारली. काढताना पाहिलं तर शिवणीच्या आत मास्टरांनी जास्तीचं कापड दाबून ठेवलेलं. पुन्हा चाळीसची करता येईल इतकं.

"म्हणजे भरवसा नव्हता?"

"भरवसा व्हता. पन लेकीच्या शादीत तुम्हाला लुंगीवर कसं येऊ देईन मी?"

"आता कापून टाका ते."

त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली.

वरातीत बँडवाले दमले तरी मी नाचत होतो. मास्टर कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना आत ओढलं.