माझ्या नावावरचे पाच नंबर

बारा वर्षं मंगल कार्यालयात भांडी घासून माझ्या बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. रेशनच्या दुकानात मशीनला माझा अंगठा कळतच नाही. लावा, पुसा, परत लावा. मागची रांग कुरकुरते. कुणी म्हणतं, "डोक्याला घासा बाई, तेल लागलं की उमटतो." मी घासते. सातव्या-आठव्या वेळेला मशीन घेतं, तेव्हा मला दुकानदाराचे पाय धरावेसे वाटतात.

माझं गाव चंद्रपूरच्याही पुढं. सहावीत शाळा सुटली. लग्न होऊन मुकुंदवाडीत आले, नवरा गेला तरी इथंच राहिले. या शहरात रक्ताचं कुणी नाही. ज्यानं काम दिलं, खोली दिली, नुसतं नीट बोललं तरी मी त्याचे उपकार मानत आले. चूक झाली ती तिथंच.

फोनचं सिम बिघडलं म्हणून शहागंजात रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या माणसाकडं गेले. त्यानं बसायला स्टूल दिलं. आधार कार्ड बघितलं, मोबाईलनं फोटो काढला, डोळे मिचकवायला लावले. मग अंगठा. लागला नाही म्हणाला.

"आधीच सांगते दादा, माझा लवकर लागत नाय."

"टेन्शन नको लेव मावशी, फिरसे लगाव."

पाच वेळा अंगठा लावला, पाच वेळा डोळे मिचकवले. तो एकदाही वैतागला नाही. निघताना मी त्याला म्हटलं, "देव तुमचं भलं करो."

पुढं काही महिन्यांनी मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम निघालं. राहायला खोली तिथंच. अट एकच, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा. शहागंजामागच्या गल्लीत एका आपांकडं मी धुणं-भांडी करायची. त्या उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ज त्याच भरून देत होत्या. भरता भरता म्हणाल्या, "हल्ली लोकांच्या नावावर दुसरेच सिम घेतात. बघू दे तुझं." सरकारी वेबसाइटवर माझा नंबर टाकला, माझ्या फोनवर आलेले आकडे भरले आणि चष्मा वर केला.

"तू इलेक्शनला उभी राहणार हायेस का? पाच-पाच फोन कशाला लागतात?"

मी हसले. मग त्यांचं तोंड बघून हसू थांबलं. एक नंबर माझा होता. बाकीचे चार मी कधी बघितलेही नव्हते.

छत्रीखाली पाच वेळा लावलेला अंगठा आठवला. त्या चार फोनवरून कोण कुणाला फसवत असेल, कुणाला धमकावत असेल, ते मला कसं कळणार? नाव तर माझंच लागणार. आणि तेच नाव घेऊन मी स्वतः पोलिसांच्या दारात निघाले होते. म्हटलं, "आपा, अर्ज फाडून टाका. मला ते काम नको."

"फाडला तर नंबर बंद होतात का?"

"पोलिसांना कळणार तरी नाय."

"त्यांना कळेलच. तुझ्याकडून कळू दे, म्हणजे तू आधी सांगितलंस हे कागदावर राहील."

दोन दिवस कामावर गेले नाही. आमच्या गल्लीत पोलिसांची जीप आली तेव्हा दार लावून आत बसले. ती दुसऱ्याच कुणासाठी आली होती. तिसऱ्या दिवशी आपांनी त्याच वेबसाइटवर चारही नंबरांपुढं 'माझा नाही' अशी नोंद केली. तक्रार मात्र माझ्या हातानं लिहवून घेतली. तीन वेळा खाडाखोड झाली.

ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. त्यांनी विचारलं, "काकू, पाच वेळा अंगठा लावताना मनात काही आलं नाही?"

"रेशनला आठ वेळा लावते ओ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग तक्रारीवर शिक्का मारून पोच दिली, दाखल्याचा अर्जही घेतला. "ही हरवू नका. कुणी दारात आलंच तर आधी ही दाखवा."

तीन नंबर लवकर बंद झाले, चौथा चालूच. वसतिगृहाच्या मॅडमनी पंधरा दिवस थांबायचं कबूल केलं. ते पंधरा दिवस फोन वाजला की मी तो उशीखाली दाबून ठेवायची. मी रोज आपांच्या मोबाईलवर बघायला जायची. त्या म्हणायच्या, "आधी चहा पी, नंबर काय पळून जात नाही." चौदाव्या दिवशी यादीत एकच नंबर दिसला. दुसऱ्याच दिवशी दाखला मिळाला.

दाखल्यावर माझं नाव तीनदा वाचलं. मॅडमना द्यायला झेरॉक्स हवी होती. पहिली प्रत वाकडी आली, दुकानदारानं ती टोपलीत टाकून दुसरी काढली.

"ती वाकडी पण द्या."

"काय करता तिचं मावशी? अर्धं नाव कापलंय."

"अर्धं हाय ना, द्या."

तो पुटपुटत वाकला. मी चांगल्या प्रतीवर आडवं लिहिलं, 'फक्त वसतिगृहाच्या कामासाठी', खाली तारीख आणि सही. वाकडी प्रत तिथंच उभी राहून बारीक बारीक फाडली. तुकडे त्याच्या टोपलीत टाकले नाहीत, पदरात बांधून घेतले.