जावयाबरोबरचे रविवार

भिंगवाल्यांनी उभ्या आयुष्यात कुठला खेळ खेळला नव्हता. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पाण्याची बारीक धार सोडलेल्या चाकावर काचा घासण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली. नखांत कायम पांढरा गाळ, आणि मान अशी वाकलेली की रस्त्याने चालतानाही यांचं काहीतरी हरवलंय असं वाटावं. दुकानात आणि गल्लीत सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. बायको तेवढी ‘अहो’ म्हणे.

त्यांना एकुलती एक लेक. एका मंगळवारी ऑफिसात काम करता करता ती टेबलावरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पाच दिवस दवाखान्यात काढले आणि ती गेली. वय चौतीस. मूलबाळ नव्हतं. मागे उरले आई, बाप आणि नवरा.

जावई पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. लेक होती तेव्हा दर रविवारी दोघं जेवायला यायची. ती गेल्यावर तो एकटा येऊ लागला. तिघं जेवत आणि मग तिघं नुसती बसत. आजवरची सगळी बडबड तिची एकटीची होती, हे तिघांनाही तेव्हा कळलं. चहावर साय धरायची. जावई चोरून घड्याळ बघायचा आणि “निघतो, बाबा” म्हणून उठायचा. पुढे तो एक रविवार आड येऊ लागला. मग महिन्याने. मग नुसता फोन.

“नाही आला तर नाही,” बायको म्हणाली. “आपली तोंडं बघितली की त्याला तीच दिसत असणार. कशाला त्याच्या जिवाला घोर?”

भिंगवाल्यांना हे पटत होतं, पण पचत नव्हतं. लेकीने सहा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो हा माणूस. ती अलीकडे कशाला हसायची, कशावरून चिडायची, हे आता त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तोही तुटला तर विचारायचं कोणाला?

जावयाचा चष्मा दुरुस्तीसाठी दुकानात येऊन पडला होता. तो पोचवायचं निमित्त काढून ते एका रविवारी सकाळीच त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. जावई खांद्याला लांबलचक बॅग अडकवून कुलूप लावत होता.

“कुठे निघालात?” भिंगवाल्यांनी विचारलं. जावयाला ते अहोजाहोच करत.

“गोल्फ खेळायला.” चोरी पकडल्यासारखा तो ओशाळला. “घरात बसवत नाही, बाबा.”

“मी येऊ?”

त्याला नाही म्हणता येईना.

शहराच्या टोकाला तिकीट काढून कोणीही खेळावं असं सरकारी मैदान होतं. सरावाच्या जागी जावयाने चार चेंडू मारले. भिंगवाले बाकावर अवघडून बसले होते. मग आपली रीत म्हणून त्याने काठी पुढे केली. “मारून बघता?”

भिंगवाल्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, काठी दोन्ही हातांनी आवळली आणि होतं नव्हतं ते बळ लावून फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ते स्वतःभोवतीच गरकन फिरले आणि मटकन खाली बसले. चेंडू ढिम्म.

जावई हसला. आधी तोंडावर हात धरून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घरी येऊन भिंगवाल्यांनी पायही धुतले नाहीत. “हसला तो,” ते बायकोला म्हणाले. “पोट धरधरून हसला.”

कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोचे हात थांबले. “मग पुढच्या रविवारी पण पडा,” ती म्हणाली.

असे एकसष्टाव्या वर्षी भिंगवाले गोल्फ शिकायला लागले. आठवड्यातून दोनदा, दुकान सुटल्यावर, मैदानावर शिकवणाऱ्या तरुण बाईंकडे ते जात. फटका बसेपर्यंत मान वर करायची नाही, हा पहिला धडा. तो गिरवण्यात बाकीच्यांचे सहा सहा महिने जायचे. भिंगवाल्यांना तो उपजत येत होता. पण फटका मारून झाल्यावरही ते खालीच बघत राहत.

“अहो काका, आता तरी बघा चेंडू कुठे गेला!”

“तुम्ही सांगा की.”

काठ्या लेकीच्याच होत्या. लग्नानंतर नवऱ्याच्या नादाने तिनेही दोन महिने शिकून पाहिलं होतं. काठ्या त्यांना आखूड पडत, आणखी वाकावं लागे. बॅगेच्या कप्प्यात एके दिवशी दोन हेअरपिना आणि एक गुणपत्रिका सापडली. एकेका होलला चार-पाच फटके लागावेत तिथे अकरा, बारा, नऊ, तेरा, आणि खाली तिच्या तिरक्या अक्षरात ‘पुरे झालं!!’ भिंगवाले मैदानाच्या संडासात जाऊन कडी लावून बसले. तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा बाईंनी पुढचा चेंडू मांडून ठेवला होता.

समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नव्हतं, ते शेजारी शेजारी चालताना निघू लागलं. ती फटके मोजताना सरळ दोन-तीन गाळायची, हे जावयाने सांगितलं. दुसरीत असताना शाळेतल्या बाई रागावल्या म्हणून तिने बाईंची छत्री लपवली होती, हे भिंगवाल्यांनी सांगितलं.

एकदा जावयाचा चेंडू झुडपात गेला. दोघं वाकून गवत चाळत होते. भिंगवाल्यांच्या पायाला तो लागला, एवढ्यात पलीकडून जावई बोलला, “आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं.”

भिंगवाल्यांनी चेंडूवर बूट ठेवला आणि काठीने गवत उगाच ढवळत राहिले.

“पलंगावर ओला टॉवेल टाकला म्हणून. एवढंच. सकाळी जाताना ती ‘येते’ म्हणाली. मी ऐकलं, बाबा, आणि उत्तर दिलं नाही.”

“अरे,” भिंगवाले म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अरे गेलं. “तिचा राग कधी टिकायचा का? बसमध्ये चढेपर्यंत विसरली असेल ती.”

“खरंच?”

“बाप आहे मी तिचा. मला माहीत नसणार?”

लेक एकदा रुसली की आठ आठ दिवस बोलत नसे. आईशी एकदा तर महिनाभर बोलली नव्हती. जावई झुडपात तोंड लपवून रडत होता. त्याचं रडणं आवरेपर्यंत भिंगवाल्यांनी पाय उचलला नाही.

असे दीड वर्ष रविवार झाले. मग एका सकाळी जावयाचा एक फटका धड बसेना. सातव्या होलपाशी तो काठी टेकून उभा राहिला.

“ऑफिसात एक जण आहे, बाबा. घरचे मागे लागलेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुम्हाला...”

“चांगली आहे?”

“हो.”

“मग कर.”

ते एवढंच म्हणाले. पुढची पाळी त्यांची होती, पण गुडघा दुखतोय म्हणून त्यांनी ती सोडली आणि उरलेलं मैदान नुसतं चालून काढलं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. “तुम्ही काय म्हणालात?” “कर म्हणालो.” “बरं केलंत,” ती म्हणाली, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. तो बराच वेळ वाहत राहिला.

लग्नानंतर जावई चार-सहा रविवार नेमाने आला. मग घर बदललं, मैदान लांब पडू लागलं. त्याच्यात खोट नव्हती. फोन करायचा, तब्येत विचारायचा. भिंगवाले “ये सवडीने” म्हणायचे.

वर्ष-दीड वर्षाने एका दुपारी त्याचा फोन आला. मुलगी झाली होती.

“जायचं का?” बायकोने विचारलं. “आपण कोण लागतो तिचे?”

“त्याने आधी आपल्याला कळवलंय. जायचं.”

दोघं बस बदलून दवाखान्यात पोचले. पिशवीत बायकोने विणलेला पिवळा स्वेटर. खोलीबाहेर जावयाच्या नव्या बायकोचे आईवडील, भाऊ, माम्या, हास्यविनोद. जावई औषध आणायला खाली गेला होता. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. दारातली नर्स म्हणाली, “फक्त जवळच्या नातेवाइकांना आत सोडतेय. तुम्ही बाळाचे कोण?”

बायकोने भिंगवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर दोन-तीन शब्द येऊन गेले.

“ओळखीचे आहोत,” ते म्हणाले.

स्वेटर तिच्या हाती देऊन दोघं जिन्याने खाली उतरले. लिफ्टने जावई वर येत असेल, म्हणून भिंगवाल्यांनी जिना धरला होता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “थांबला का नाहीत, बाबा? तुम्हाला दाखवायची होती.”

“गर्दी होती रे.”

“या रविवारी मैदानावर येतो मी. नक्की.”

“वेडा आहेस का? बाळ लहान आहे. रविवारी घरी थांबायचं.”

“ठेवतो,” म्हणून भिंगवाल्यांनीच फोन ठेवला. बायको समोरच उभी होती. “कशी आहे म्हणाला?” तिने विचारलं.

“विचारायचं राहिलं,” ते म्हणाले.