चार वाजता येजो

देवळीच्या बसस्टँडसमोर आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलं, नवऱ्यानं वाढवलं आणि तो गेल्यापासून मी चालवते. स्वभाव माझा तिखट, हे गिऱ्हाइकापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. उगाच घासाघीस करणाऱ्याच्या हातातलं पातेलं मी काढून घेते आणि पुन्हा फळीवर ठेवते. तरी लोक माझ्याकडेच येतात.

दुकानाच्या बाजूला निंबाखाली सासऱ्यांच्या नावाची पाणपोई आहे. लोखंडी घडवंचीवरच्या वाळूत बसवलेले तीन मोठे माठ, त्यांना तोट्या, आणि एक स्टीलचा ग्लास. पाडव्याला माठ भरायचे ते पाऊस लागेपर्यंत. या ग्लासची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या धंद्यात भांड्यावर नाव टाकणं फार मोठी गोष्ट असते. लग्नात दिलेलं, शेजारी उसनं गेलेलं भांडं नावावरून घरी परत येतं. नाव टाकलेलं भांडं हरवलं तर बायका दोन दोन दिवस गल्ली पालथी घालतात. तर मी हौसेनं त्या ग्लासवर सासऱ्यांचं नाव कोरलं. आठ दिवसांत ग्लास गेला. दुसरा कोरला, तोही गेला. मला ते सहन होईना. सासऱ्यांच्या नावाचा ग्लास कोणाच्या तरी संडासात पडलेला असेल, या विचारानं माझं डोकं फिरायचं. शेवटी तिसऱ्या ग्लासाला भोक पाडलं आणि हातभर साखळीनं तो माठाच्या लोखंडी घडवंचीला बांधून टाकला. मग तो कुठे गेला नाही. मला फार बरं वाटलं.

पाणपोई चालवते म्हणून गावातल्या शाळा-कॉलेजात मला भाषणाला बोलवायचे. मला बोलायला आवडतं, खोटं कशाला सांगू. मी पोट्ट्यांना झोडपायची. स्टँडवर बसून मोबाइलमध्ये तोंड खुपसता, समोर म्हातारा उभा असला तरी जागा देत नाही, तुमच्यात माणुसकी उरली आहे की नाही. मग शेवटी आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, पण आशा तुमच्यावरच आहे रे. माणसानं माणसाला निदान पाणी तरी विचारावं. पोरं टाळ्या वाजवायची आणि नाश्त्याकडे पळायची.

इतक्या वर्षांत एकच पोरगी माझं बोलणं खरं धरून बसली. दहावीत होती. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दुकानासमोर हजर.

"काकू, मी येऊ का माठ भराले?"

"येजो. पण सहाच्या आत येजो. उशीर केला तं वापस पाठवीन."

तिनं दोन उन्हाळे उशीर केला नाही. घर गावाच्या कडेला, बाप कास्तकार, आई माझ्याकडूनच भांडी नेणारी. पोरगी माठ आतून घासायची, वाळ्याची जुडी बदलायची, वाळूवर पाणी मारायची आणि मग क्लासला जायची. बारावीनंतर नर्सिंगला जाईन म्हणायची. मी तिला येता-जाता बोलायची, कधी हळू घासते म्हणून, कधी पाणी सांडते म्हणून. मनातून मात्र मला तिचा इतका अभिमान होता की माझ्या पोटच्या पोरांचाही कधी वाटला नाही. दोघंही पुण्यात आहेत आणि फोनवर मला तब्येत विचारून लगेच ठेवून देतात.

गेल्या मे महिन्यातली दुपार. उन्हाळ्यात आमच्याकडे एकनंतर सगळी बाजारपेठ शटर पाडते. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी आतून शटर ओढून घेतलं, कूलर लावला आणि गादीवर आडवी झाले. डोळा लागतो न लागतो तोच शटर वाजलं. टवाळ पोरं दुपारी शटर बडवून पळतात, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. पुन्हा वाजलं, जोरात. कूलरच्या घरघरीत शब्द कळले नाहीत. पण पोरीबाळीचा आवाज आहे आणि घाबरलेला आहे, एवढं कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी पडल्यापडल्या ओरडले, "दुकान बंद आहे. चार वाजता येजो."

मग वाजलं नाही. मी कूस बदलली आणि झोपले.

चारला शटर वर केलं तर समोर रस्त्यात एक चप्पल पडलेली होती, जाड टायरच्या तळव्याची. बाजूला रिकामी कापडी पिशवी. बाजूचा पानठेलेवाला तेवढ्यात आला आणि त्यानं सगळं सांगितलं. वडनेरकडचा एक म्हातारा लेकीकडे आला होता, नातवासाठी घरचे आंबे घेऊन. बसमधून उतरला, दहा पावलं चालला आणि रस्त्यातच कोसळला. ऊन लागलं होतं. स्टँडच्या शेडमध्ये चार-पाच पोरं होती. पिऊन पडला असन, म्हणाले. एकानं फोटो काढला. माझी माठवाली पोरगी तेवढ्यात क्लासवरून येत होती.

"वहिनी, ते एकटीच धावून राह्यली होती," तो म्हणाला. "ग्लास घ्याले गेली तं साखळीनं बांधलेला. मंग ओंजळीत पाणी घेऊन धावे. तिथवर जाईस्तोवर हातात काई उरेच ना. कोणाचं तरी शटरही वाजवलं म्हणे तिनं, बालटी मागाले आणि उचलू लागाले. पण कोणी उघडलं नाई."

तो पुढे सांगत होता. तिनं दुपट्टा माठाच्या तोटीखाली धरून भिजवला आणि त्याच्या डोक्यावर, छातीवर पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला. वर्ध्याला नेता नेता तो गेला. आंबे रस्त्यावर सांडले होते, तेही कोणीतरी उचलून नेले होते.

"कोणाचं शटर होतं काय मालूम," पानठेलेवाला म्हणाला.

"काय मालूम," मी म्हणाले.

दुकानात तेव्हा शंभर ग्लास असतील. बालट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. मी त्यांच्यामध्ये झोपले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी साखळी कापली. पोरगी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठ दिवसांनीही नाही. माठ मीच भरत होते आणि रोज सहा वाजता रस्त्याकडे बघत होते. मग तिची आई दुकानात आली, भातासाठी गंज घ्यायला म्हणून, आणि तो गंज हातात धरून रडायला लागली. पोरीची बारावी झाली होती, नर्सिंगचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते आणि ती भरायला तयार नव्हती. "तुम्हीच सांगा जी तिले. आमचं नाई ऐकत."

संध्याकाळी गेले. पोरगी ओसरीत मोबाइल बघत बसली होती. मला बघून उठली, पाणी आणून दिलं, पुन्हा बसली.

"फॉर्म काऊन भरून नाई राह्यली?" मी विचारलं.

"नाई जायचं मले. तिथं रोज माणसं मरतीन. रोज मी ओंजळीत पाणी घेऊन धावू का?"

मी माझं नेहमीचं सुरू केलं. तू नसतीस तर त्या बिचाऱ्याच्या तोंडात थेंब पडला नसता. तुझ्यासारख्यांनीच हात टेकले तर कसं व्हायचं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हे कॉलेजमधलं भाषण आहे, शब्द न् शब्द तेच. मला माझी किळस आली. मी थांबले. तिची आई आत चहा टाकत होती. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "पोरी, ते शटर माझं होतं. मी आत होती. मीच वरडली होती."

तिनं मोबाइल बाजूला ठेवला.

"मालूम आहे मले. दोन वर्षं तुमचं बोलणं खाऊन राह्यली, काकू. तुमचा आवाज नाई ओळखणार काय मी?"

"मग कोणाले सांगितलं काऊन नाई?"

"सांगून काय होते? गावात तुम्हीच तं त्यातल्या त्यात चांगल्या होत्या."

ती रागावून बोलली असती तर मी सहन केलं असतं. मला भांडता येतं. पण ती अगदी सरळ बोलली. दर विचारावा आणि दुकानदारानं सांगावा, तसं. चहा आला. तो मी कसा प्यायले देव जाणे. दोन दिवस गेले आणि फॉर्मची तारीखही गेली.

हिवाळ्यात कॉलेजनं पुन्हा भाषणाला बोलावलं. विषय नेहमीचाच, तरुणांनी उदासीन राहू नये. नाही म्हणणार होते, पण गेले, आणि जे झालं ते तसंच्या तसं सांगितलं. साखळी, शटर, चार वाजता येजो, सगळं. म्हटलं, आशा तुमच्यावर आहे असं मी पुन्हा म्हणणार नाही. आमच्यासारख्यांनी ते ओझं तुमच्या डोक्यावर देऊन दुपारची झोप काढली. तरी हात जोडून सांगते, तुम्ही ठोठावा. आतून कोणी वसकलं तर पुन्हा ठोठावा. आणि उद्या आत असाल तेव्हा उठून उघडा, एवढं करा. उघडल्यानं माणूस वाचेलच असं नाही. पण बाहेर धावणारी पोरगी तरी वाचते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या कोण जाणे. मग पोरं नाश्त्याकडे गेली.

आता पुन्हा उन्हाळा आहे. दुपारी मी शटर पाडत नाही. गिऱ्हाईक येत नाही, उकडतं, बाजारातले लोक मला हसतात. बिनसाखळीचे, बिननावाचे ग्लास ठेवते. ते चोरीला जातात. मी दुसरे ठेवते. पोरगी स्टँडच्या पलीकडे मोबाइलच्या दुकानात कामाला लागली आहे. काचेचं दार, आत एसी. काउंटरवरची तिची खाली घातलेली मान मला माझ्या गल्ल्यावरून दिसते.

परवा दुपारी वर्ध्याच्या बसमधून एक म्हातारी उतरली आणि निंबापर्यंत पोचायच्या आतच मटकन खाली बसली. मी बालटी आणि पाणी पाजायला गडवा घेऊन निघाले. माझ्या गुडघ्यांना बालटी काही झेपत नव्हती. समोर पाहिलं तर पोरगी काचेमागे उभी होती, दाराच्या कडीला हात लावून. मी हातानं बोलावलं. ती आली नाही. मी म्हातारीला तसंच ओढत सावलीत घेतलं, पाणी पाजलं, पदर भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला. ती सावध झाली आणि देवाचं नाव घ्यायला लागली. मी वर पाहिलं तेव्हा काचेमागे मान पुन्हा खाली गेलेली होती.

संध्याकाळी पोरगी तोंडाला दुपट्टा गुंडाळून घरी निघाली. रोज ती पलीकडच्या बाजूनं जाते. परवा माझ्या दुकानासमोरून गेली. थांबली नाही, पण चाल कमी केली.

"वाचली का ते?"

"वाचली," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि गेली.

काल मी साडेपाचलाच उठून माठांपाशी गेले. सहा वाजले, सव्वासहा झाले. तिच्यासाठी घासायचा काथ्या वेगळा काढून ठेवला होता. सातला क्लासची पोरं जायला लागली, तेव्हा मीच तो उचलला आणि तिन्ही माठ घासले.