शबनमदीदीला मी दिलेली किल्ली

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला काहून सांगून राहिले — मलाही नीट कळत नाही.

जबलपूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायची. लॅबची किल्ली माझ्याकडे असायची. शबनमदीदी गणिताची. अकरा वर्षं आम्ही डबे एकत्र उघडले. माझ्या बाळंतपणात माझे वर्ग तिनंच सांभाळले.

मधल्या सुट्टीत ती नमाज पढायची — झाडू-बादल्यांच्या कोठीत, अंग चोरून. दहा मिनिटं. कोणाचं काय जात होतं? एक दिवस मीच म्हटलं, "दीदी, लॅब खाली रहती है. चाबी ले जाओ." तिनं मागितली नव्हती.

त्याच लॅबमध्ये कपाटावर माझा गणपती होता. रोज उदबत्ती लावायची मी. मला कधी कोणी विचारलं? आणि त्या गणपतीला तरी तिची कुठे अडचण झाली होती?

मग कोणीतरी खिडकीतून तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी घोळका, घोषणा. प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. घोळक्यातले चौघं आत येऊन उभे होते — त्यातले दोघं रोज मला वाकून नमस्कार करणारे पालक.

"मॅडम, चाबी आपने दी थी?"

नोकरी गेली असती? नसती, बहुतेक. मला फक्त त्या दोघांच्या नजरेत तिच्या बाजूची व्हायचं नव्हतं. एवढंच — एवढ्याशासाठी —

"मुझे नहीं मालूम, सर."

दीदीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैंने खुद ली थी," ती म्हणाली. "बिना पूछे."

माझं खोटं तिनं आपल्या अंगावर घेतलं. त्याच आठवड्यात तिला काढलं. न विचारता किल्ली घेतली, असा शेरा मारून.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला सर्वधर्मसमभावावर भाषण कोणी केलं? मी. टाळ्याही पडल्या.

मागच्या हिवाळ्यात ती पनागरच्या बाजारात दिसली. केस पांढरे झालेले. घरीच शिकवण्या घेते, म्हणाली. मग तिनं विचारलं, "बिटिया कैसी है तुम्हारी?"

तिथे घोळका नव्हता, प्राचार्य नव्हते. ती थांबली होती, चांगली दोन-तीन मिनिटं. मी म्हटलं, "सब बढ़िया, दीदी." मटारचा भाव विचारला, आणि ऑटोत बसले.